एका नदीचं पाणी, सगळ्या गावांची पाळी



पावसाळा सरला की खेड्यापाड्यांत दोनच विषय निघतात. एक रब्बीच्या बियाण्याचा आणि दुसरा पाण्याचा. बियाणं दुकानात मिळतं, उसनवारीनेही मिळतं. पाणी तसं मिळत नाही. ते नदीला जेवढं असेल तेवढंच. आणि नदी काही एका गावाची नसते. वरचं गाव म्हणतं, आमच्या शिवारातून वाहते म्हणून आमची. खालचं गाव म्हणतं, आमच्या वाडवडिलांपासून आम्ही पितो म्हणून आमची. दोघांचंही म्हणणं खरं असतं, आणि म्हणूनच भांडण लागतं.

हे भांडण कसं लागतं ते आपण सगळे जाणतो. ऑक्टोबर महिन्यात वरच्या गावाने बंधाऱ्याला फळ्या टाकल्या. दिवाळी झाली, थंडी पडली. खालच्या गावच्या पात्रात वाळू दिसायला लागली. गहू कांडी धरायच्या वेळेला पाणी नाही. मग एके रात्री चार पोरं जातात आणि वरच्या बंधाऱ्याच्या फळ्या उपसून टाकतात. साठलेलं पाणी एका रात्रीत वाहून जातं. ते ना वरच्याच्या गव्हाला मिळतं, ना खालच्याच्या हरभऱ्याला. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील, तिसऱ्या दिवशी तालुक्याचं ठाणं, आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा. ज्या गावांत सोयरिकी होत होत्या, त्या गावांत बोलणं बंद होतं.

हे टाळता येतं का? येतं. आपल्याच महाराष्ट्रात ते शेकडो वर्षं टाळलं गेलं आहे. ते कसं, हेच आज मी सांगणार आहे.

आधी थोडा हिशेब

वरच्या गावचा शेतकरी म्हणतो, माझ्या एका पंपाने नदी थोडीच आटणार आहे? एका पंपाने नाही आटत. पण हिशेब करून बघा. समजा, एक पंप सेकंदाला 10 लीटर पाणी उचलतो. तासाला झालं 36 हजार लीटर. आठ तास वीज असली तर 2 लाख 88 हजार लीटर, म्हणजे 288 घनमीटर. आता असे 50 पंप नदीकाठी आहेत असं धरा. एका रात्रीत 14 हजार 400 घनमीटर पाणी उचललं गेलं. एका हेक्टरला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर 750 घनमीटर पाणी लागतं. म्हणजे त्या एका रात्रीच्या पाण्यात सुमारे 19 हेक्टर, आपल्या एकराच्या भाषेत 47 एकर, एकदा भिजले असते.

दुसरी गोष्ट अशी, की हिवाळ्यात लहान नदीचा प्रवाह सेकंदाला 500 लीटर असेल, तर हे 50 पंप एकदम सुरू झाले की नदी तिथेच संपली. खाली थेंब जाणार नाही. पण तेच पंप दोन पाळ्या करून 25-25 असे चालवले, तर 250 लीटर खाली जात राहतात. पाळीने कोणाला थोडं थांबावं लागतं, पण पीक कोणाचंच मरत नाही.

बंधूंनो, तंटा बहुधा पाण्याच्या तुटीपेक्षा एकाच वेळी सगळ्यांनी हात घातल्यामुळे होतो. म्हणून पाळी महत्त्वाची.

फड पद्धत काय सांगते

धुळे जिल्ह्यातली पांझरा नदी साक्री तालुक्यात पश्चिमेकडच्या डोंगरात उगम पावते, धुळ्याजवळून वाहत जाते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे कपिलेश्वराजवळ तापीला मिळते. या नदीवर, तसंच बागलाणाकडच्या मोसम, आरम आणि गिरणा या नद्यांवर जुन्या काळी दगडचुन्याचे लहान लहान बंधारे बांधले गेले. एकाखाली एक, अशी बंधाऱ्यांची माळच आहे. यांतले कितीतरी बंधारे तीनशे-चारशे वर्षांचे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाटाखालचं रान भिजतं. त्या भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणतात. थळाचे तीन किंवा चार भाग पाडलेले असतात. त्या भागाला म्हणायचं फड. म्हणून ही फड पद्धत.

आता यातली खुबी ऐका. समजा चार फड आहेत. एका फडात फक्त ऊस. दुसऱ्यात गहू. तिसऱ्यात हरभऱ्यासारखं कमी पाण्याचं पीक. चौथा फड त्या वर्षी पावसावर किंवा पडीक. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पुढच्या वर्षी फेरपालट. आणि बहुतेक शेतकऱ्यांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असते. म्हणजे पाऊस कमी झाला आणि पंचांनी ठरवलं की यंदा दोनच फड भिजवायचे, तर तोटा एकट्या रामाचा किंवा एकट्या गणपतचा होत नाही. तो सगळ्यांना सारखा वाटला जातो. चांगल्या वर्षी फायदाही सगळ्यांचाच.

एका फडात एकच पीक असल्यामुळे पाणी देणंही सोपं. सगळ्या वावरांना एकाच वेळी पाणी लागतं. शेजारच्याच्या उसाला पाणी जातंय आणि आपल्या हरभऱ्यात पाझरून मर लागतेय, असा प्रकार होत नाही.

पाणी द्यायचं काम कोणाचं? मालकाचं नाही. त्यासाठी पाटकरी नेमलेला असतो. तो फडाच्या एका टोकापासून सुरू करतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत भिजवत जातो. मधेच कोणी म्हणालं, माझ्याकडे पाहुणे आलेत, माझं आधी भिजव, तर ते चालत नाही. पाटकऱ्यांवर देखरेख करायला हवालदार असतो. जनावरांपासून आणि चोरांपासून पीक राखायला जागल्या असतो. यांची मजुरी शेतकरी मिळून देतात. पूर्वी ती धान्याच्या रूपात असे. पाट साफ करायचा तर ज्याची जितकी जमीन तितकं त्याचं काम. आणि या सगळ्यांवर शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच.

यात सरकारी अधिकारी नाही, कागदाचे गठ्ठे नाहीत. तरी पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. कारण नियम सगळ्यांना पाठ होते, आणि नियम मोडणाऱ्याला रोज त्याच पाटावरून जायचं होतं.

वरच्या आणि खालच्या बंधाऱ्याचं नातं

कोणी विचारेल, एका गावात हे ठीक आहे, पण एकाखाली एक बंधारे असले तर वरचा खालच्याला पाणी का देईल?

इथे जमिनीचा एक गुण लक्षात घ्यावा लागतो. वरच्या थळात दिलेलं सगळं पाणी पिकाच्या पोटात जात नाही. काही जमिनीत मुरतं. ते पाझरत पाझरत पुन्हा नदीला येतं. पाटातलं उरलेलं पाणी सांडीतून नाल्याला आणि नाल्यातून नदीला मिळतं. हेच पाणी खालचा बंधारा अडवतो. म्हणजे वरच्याने नेमाने पाणी वापरलं, तर त्यातलं काही खालच्याच्या उपयोगी पडतं. पण वरच्याने विहिरी आणि पंप लावून ते पाझराचं पाणीही उचललं, तर मात्र खालचा कोरडा राहतो.

पुढे नेमकं हेच झालं. विजेचे पंप आले, विहिरी खोल गेल्या, नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली. ज्याच्या विहिरीला पाणी त्याने आपल्या मनाने पीक घेतलं. एका फडात एक पीक हा नियम ढिला पडला. पुष्कळ ठिकाणी फड मोडले, काही ठिकाणी ते अजून तग धरून आहेत. पंप वाईट असं माझं म्हणणं नाही. पंपाने कष्ट वाचले. पण पंप घरात आला आणि पंच मात्र घराबाहेर गेले, हे नुकसान झालं.

टोकाच्या शेतकऱ्याने काय केलं

आता अलीकडचं उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. कालव्याचं शेवटचं टोक ओझरकडे. टोकाची गोष्ट सगळीकडे सारखीच असते. कागदावर क्षेत्र भिजतं, प्रत्यक्षात पाणी पोचत नाही. ओझरच्या शेतकऱ्यांनी आंदोलनं करून वेळ घालवण्यापेक्षा एक वेगळा मार्ग धरला. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पुढाकार घेतला आणि 1990 नंतर तिथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा ही त्यांची नावं.

या संस्थांनी शासनाला सांगितलं, आम्हाला पाणी मोजून द्या. एकर मोजू नका, पाणी मोजा. आत वाटप आम्ही करू, पट्टी आम्ही गोळा करू. मोजून पाणी घ्यायचं म्हटल्यावर प्रत्येकजण काटकसर करायला लागला. दुसरं म्हणजे, कालव्याचं पाणी त्यांनी नुसतं शेतात सोडलं नाही. ओढ्या-नाल्यांवर लहान बंधारे घालून त्यांत सोडलं. ते जमिनीत मुरलं, विहिरी भरल्या. आणि विहिरीवर भिजवणाऱ्यानेही संस्थेला पाणीपट्टी द्यायची असं ठरलं. कारण विहिरीत आलेलं पाणी सगळ्यांच्या पैशाने आणलेलं होतं.

पण टोकाच्या लोकांनी कितीही शिस्त पाळली तरी वरच्या माथ्यावर पाणी उचललं गेलं तर काय उपयोग? म्हणून वरच्या भागातही संस्था झाल्या, आणि सगळ्या संस्थांची मिळून संपूर्ण प्रकल्पाची एक संस्था झाली. माथ्याचा, मधला आणि टोकाचा शेतकरी एका सतरंजीवर बसला. ज्या टोकाला पाणी पोचत नव्हतं तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या.

जमीन नसलेल्याचं काय?

पाणी वाटताना एक प्रश्न हमखास मागे राहतो. ज्याला जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हे न्यायाचं आहे का? पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. तिथला नियम वेगळा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं पाणी. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसासारखं भरमसाट पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. हा नियम जसाच्या तसा सगळीकडे लागू होईलच असं नाही. पण पाण्याची बैठक बसेल तेव्हा भूमिहीन मजुराचा माणूस आणि घरातल्या बायका तिथे असल्या पाहिजेत, एवढा धडा तरी त्यातून घ्यायलाच हवा. डोक्यावर हंडा घेऊन वाळूतला झिरा उपसणारीला नदी किती आटली ते पंपवाल्याच्या आधी कळतं.

मोठ्या खोऱ्यांतही तोच प्रश्न

गावागावांत जे होतं तेच जिल्ह्याजिल्ह्यांत आणि राज्याराज्यांत होतं. कृष्णेचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि त्या वेळचा आंध्र प्रदेश यांच्यात वाटण्यासाठी बच्छावत लवाद बसला आणि 1976 मध्ये त्याचा अंतिम निवाडा झाला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 560 अब्ज घनफूट पाणी आलं. गोदावरीवर पैठणला 1976 साली जायकवाडी धरण पूर्ण झालं. वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणं, खाली मराठवाडा. तुटीच्या वर्षी वरच्याने खाली पाणी किती सोडायचं, यावर कितीतरी वर्षं झगडा चालला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 साली झाला. खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी तूट मिळून सोसायची, हे तत्त्व त्यात आलं. त्या आधाराने प्राधिकरणाने 2014 साली आदेश दिला, आणि 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं.

म्हणजे बघा, मोठमोठ्या वकिलांनी आणि न्यायाधीशांनी शेवटी जे सांगितलं ते पांझराकाठच्या पंचांना आधीच ठाऊक होतं. तूट आली तर ती वाटून घ्यायची. फरक एवढाच की पंचांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

तुमच्या नदीवर काय करता येईल

आता कामाचं बोलू. तुमच्या नदीवर किंवा ओढ्यावर चार-पाच गावं असतील, तर यंदाच्या हंगामापासून पुढीलप्रमाणे करून पाहावे.

पहिलं काम, नदी पायी फिरून पाहा. प्रत्येक गावची दोन-तीन माणसं घ्या. वरच्या गावापासून खालच्या गावापर्यंत चालत जा. बंधारे किती, त्यांच्या फळ्या शाबूत आहेत का, पंप किती, किती अश्वशक्तीचे, पिण्याच्या पाण्याची विहीर कुठे, हे सगळं वहीत लिहा. वरच्या गावच्या माणसाने खालच्या गावची कोरडी विहीर आपल्या डोळ्यांनी पाहिली, की निम्मा वाद तिथेच मिटतो.

दुसरं, पाणी मोजा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पाटाचा सरळ भाग निवडा आणि 10 मीटर अंतर मोजून दोन खुंट्या मारा. वरच्या खुंटीपाशी एक लाकडाचा तुकडा सोडा आणि खालच्या खुंटीपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहा. समजा 25 सेकंद लागले. 10 भागिले 25, म्हणजे सेकंदाला 0.40 मीटर वेग. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून याला 0.85 ने गुणा. आले 0.34. पाट 1 मीटर रुंद आणि पाणी 30 सेंटिमीटर खोल असेल, तर 1 गुणिले 0.30 गुणिले 0.34, म्हणजे सेकंदाला सुमारे 100 लीटर पाणी वाहतंय. हे मोजमाप दोन्ही गावांच्या माणसांसमोर करा. एकट्याने मोजलेल्या पाण्यावर दुसऱ्याचा विश्वास बसत नाही.

तिसरं, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढा. माणसांना आणि जनावरांना जुलैअखेरपर्यंत किती लागेल त्याचा अंदाज घ्या. पाऊस लांबला तर जूनही कोरडा जातो. ते पाणी हिशेबातून वजा केल्यावर उरेल तेच शेतीचं.

चौथं, उरलेल्या पाण्यावरून पीक ठरवा. पेरून झाल्यावर पाणी शोधू नये. पाणी कमी असेल तर गव्हाऐवजी हरभरा, करडई किंवा रब्बी ज्वारी घ्यावी. ऊस आणि केळी किती एकरांवर घ्यायची याची मर्यादा सगळ्या गावांनी मिळून ठरवावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी ठिबक बसवावं. पण ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर लगेच दोन एकर नवा ऊस वाढवला, तर नदीचं काहीच वाचलं नाही, हे ध्यानात ठेवा.

पाचवं, फळ्या टाकण्याचा दिवस आणि रीत ठरवा. सगळ्या बंधाऱ्यांवर एकाच दिवशी पूर्ण उंचीच्या फळ्या टाकू नयेत. आधी सगळ्यांनी निम्म्या उंचीपर्यंत टाकाव्यात, म्हणजे वरून सांडणारं पाणी खालच्या बंधाऱ्यात जाईल. खालचा बंधारा निम्मा भरला असा निरोप आला, की मग वरच्याने उरलेल्या फळ्या टाकाव्यात. फळ्या आणि मधली माती भरायचा खर्च सगळ्यांनी मिळून करावा. पावसाळ्याआधी फळ्या काढून गोदामात मोजून ठेवाव्यात. नाहीतर पुढच्या वर्षी निम्म्या फळ्या चुलीत गेलेल्या असतात.

सहावं, पंपांची पाळी. वारानुसार किंवा दिवसा-रात्रीनुसार पंपांचे दोन गट करा. कोणता गट कधी, ते चावडीवर आणि दुधाच्या डेअरीत फळ्यावर लिहा. रात्रीची पाळी नेहमी त्याच माणसांच्या माथी मारू नका. दर पंधरवड्याला पाळी बदला. नदीचा प्रवाह ठरलेल्या खुणेखाली गेला की सगळे पंप बंद. ती खूण बंधाऱ्याच्या भिंतीवर रंगाने मारून ठेवा, म्हणजे वादाला जागा राहत नाही.

सातवं, एक पाटकरी नेमा. तो शक्यतो दोन्ही गावांना मान्य असलेला असावा. त्याचा पगार सगळ्यांनी द्यावा. ज्याचा पगार एकच गाव देतं, तो त्याच गावाकडे झुकतो.

आठवं, दंड लहान ठेवा पण तो वसूल करा. पाच हजारांचा दंड कागदावर राहतो. पाचशेचा दंड, पण पहिल्याच चुकीला आणि सरपंचाच्या भावालाही, असा असला म्हणजे नियम टिकतो. त्या पैशातून पाट दुरुस्त करा.

कायद्याचा आधार

कालव्याच्या लाभक्षेत्रात असाल तर 2005 च्या सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन कायद्याखाली पाणीवापर संस्था स्थापन करता येते. संस्थेला पाण्याचा वाटा घनमीटरमध्ये ठरवून मिळतो आणि त्या वाट्यात कोणतं पीक घ्यायचं हे शेतकरी ठरवतात. संचालक मंडळात माथा, मध्य आणि टोक या तिन्ही भागांचे प्रतिनिधी असतात. हे मुद्दाम केलेलं आहे. टोकाचा माणूस खुर्चीवर बसला की पाणी टोकापर्यंत येतं. माहितीसाठी जवळच्या पाटबंधारे उपविभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. कालवा नसेल तरी ग्रामसभेत ठराव करून चार गावांचा लेखी करार करता येतो. करारावर प्रत्येक गावच्या ग्रामसभेचा ठराव, सरपंचाची सही आणि पाळीचं वेळापत्रक जोडावं.

वरच्या गावाने का ऐकावं?

शेवटी एकच प्रश्न राहतो. आमच्या हातात पाणी असताना आम्ही का द्यावं, असं वरचं गाव म्हणेल. त्याला उत्तर असं. आज तुम्ही वर आहात, पण तुमच्याही वर कोणीतरी आहे. डोंगरातल्या पाड्यानं ओढा अडवला तर तुम्हीही खालचे होता. दुसरं, रात्री फुटलेल्या बंधाऱ्याचं पाणी वरच्याचंच जातं. राखण करायला माणूस ठेवला तर त्याचा पगार पडतो. ठरवून खाली दिलेलं पाणी त्या मानाने स्वस्त पडतं. आणि तिसरं, तुमच्या मुली खालच्या गावात नांदतात. त्यांच्या हंड्यात पाणी असावं, हे कोणत्या बापाला नको असेल?

थोडक्यात लक्षात ठेवा. नदी सगळ्यांनी मिळून पाहा. पाणी सगळ्यांसमोर मोजा. पिण्याचं आधी काढा. पाणी पाहून पीक ठरवा. फळ्या निम्म्या-निम्म्या टाका. पंप पाळीने चालवा. तूट आली तर ती वाटून घ्या. आणि यंदा जे ठरलं ते आखाजीच्या आधी पुन्हा एकत्र बसून तपासा. काय चुकलं ते त्याच बैठकीत दुरुस्त करा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

तुमच्या गावाने असा काही प्रयत्न केला असेल, तर तो पत्राने आमच्या कार्यक्रमाला जरूर कळवा. एका गावचा अनुभव दहा गावांच्या कामी येतो.

नमस्कार.